कृतज्ञतेची वही लिहायला घेतली आणि काळजी उलट वाढली. कुणाला असा अनुभव आहे का?

पिग्मीवाली_कोल्हापूर
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय ३६, काउंटरवर ११ वर्षं झाली. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी कॅश ९,५०० रुपयांनी कमी आली. मशीनवर दोनदा मोजली, मग हाताने मोजली. दिवसभराची व्हाउचरं पालथी घातली. साडेआठ वाजले तरी फरक निघेना. तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "घरात काही अडचण आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याकडून पैसे घेऊन मी ते भरले. तिसऱ्या दिवशी फरक सापडला. एका पिग्मी एजंटाचा भरणा दोनदा नोंदला गेला होता. पुस्तकात ९,५०० जास्त दिसत होते, गल्ल्यात पैसे बरोबरच होते. माझे पैसे मला परत मिळाले. त्या प्रश्नाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून रात्री तीनच्या सुमाराला जाग येते. छातीत धडधडतं, तळहात ओले होतात आणि डोक्यात बंडलं मोजणं सुरू होतं. चार-पाच वेळा बस स्टॉपपर्यंत जाऊन परत आलेय, तिजोरीचं हँडल ओढून बघायला. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं करून झालं. रिपोर्ट नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग बहिणीने एक वही आणून दिली. म्हणाली, रोज झोपताना पाच गोष्टी लिही, ज्यांच्याबद्दल आभार मानावेसे वाटतात, मन आपोआप चांगल्याकडे वळतं. मी मनापासून सुरुवात केली. पहिल्या रात्री लिहिलं: घर आहे. नवरा समजूतदार आहे. मुलगी हुशार आहे. सासूबाईंची तब्येत बरी आहे. नोकरी आहे. दुसऱ्या रात्री जवळजवळ तेच. आठव्या रात्री "नोकरी आहे" लिहिलं आणि पेन थांबलं. गेली तर? मग वरच्या ओळी वाचल्या. मुलगी रोज रिक्षाने शाळेत जाते. सासूबाईंना शुगर आहे. ज्या पाच गोष्टी आभार मानायला लिहिल्या, त्या पाचही हातातून जाऊ शकतात, हेच डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या रात्री अजिबात झोप लागली नाही.

वर हेही वाटत राहतं, की एवढं सगळं असून मी रडतेय म्हणजे मी कृतघ्नच आहे.

आता मार्चअखेर तोंडावर आहे. वही बंद करू, की माझं लिहिणंच कुठेतरी चुकतंय? ज्यांनी खरंच लिहिली आहे त्यांनी सांगा.

दोन_लेकरांची_आई
सोमवार, सकाळी ७:१५

ताई, त्रास होत असेल तर आज रात्री लिहू नका. एक दिवस न लिहिल्याने काही बिघडत नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला घरातले सगळे म्हणायचे, बाळ धडधाकट आहे, देवाचे आभार मान. मी मानत होते हो. वहीतही लिहीत होते. पण बाळ झोपलं तरी मला झोप येत नव्हती आणि बाळाला उचलून घ्यावंसं वाटत नव्हतं, हे मी पाच महिने कुणाला बोलले नाही, कारण वहीत "मी सुखी आहे" लिहिलेलं होतं. शेवटी माझ्या आईने ओळखलं आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. औषध आणि बोलणं, दोन्हींनी बरी झाले. म्हणून सांगते, वही लिहा किंवा लिहू नका, पण तिच्याआड दुखणं झाकू नका. आणि तुम्ही कृतघ्न नाही. तुमच्यावर सगळ्यांदेखत आळ आला होता.

वाशिष्ठीकाठ
सोमवार, दुपारी ३:०५

अगं बाळा, तुझं "घर आहे" वाचलं आणि थांबले. माझ्याही वहीत पहिली ओळ तीच होती, आणि तीच मला छळायची.

मी चिपळूणची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. २२ जुलै २०२१ ची पहाट आमच्याकडे कुणी विसरणार नाही. २००५ चा पूर मी पाहिला होता, त्यामुळे वाटलं, उंबऱ्यापर्यंत येईल आणि ओसरेल. आम्ही दोघं शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेलो आणि तिथून आमचा तळमजला पाण्याखाली जाताना पाहिला. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ. कपाटं फुगलेली, अंथरुणं चिखलाने जड झालेली. तुमच्याकडे २०१९ ला पंचगंगेने काय केलं होतं ते तुला सांगायला नको.

घर पुन्हा उभं राहिलं. मी राहिले नाही. पुढचे दोन पावसाळे पत्र्यावर सर वाजली की उठून खिडकीत जायचे. बॅटरीच्या उजेडात रस्त्यावर पाणी किती आलंय ते बघायचे. पाऊस थांबला तरी बघायचे. तुझं तिजोरीचं हँडल आणि माझी खिडकी वेगळी नाही.

तेव्हा रत्नागिरीच्या एका समुपदेशक बाईंनी मला वही लिहायला सांगितली. मीही तुझ्यासारखंच लिहिलं. घर आहे, हे आहेत, पेन्शन आहे. आणि "घर आहे" लिहिलं की लगेच पाणी दिसायचं. महिनाभराने मी त्यांना वही परत द्यायला गेले, म्हटलं हे माझ्याच्याने होत नाही. त्यांनी चार पानं वाचली आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही मुलांचे निबंध कसे तपासायचात?"

मला एकदम लख्ख दिसलं. "माझी आई" हा निबंध मी शेकड्यांनी तपासलाय. प्रत्येक वहीत आई प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, माझी काळजी घेते. चाळीस मुलांच्या चाळीस आया एकसारख्या! मग मी पोराला जवळ बोलवायचे आणि विचारायचे, काल संध्याकाळी तू घरी गेलास तेव्हा आई काय करत होती? तो म्हणायचा, मासे साफ करत होती, आणि मांजराला काटे टाकत होती. हे लिही म्हणायचे. हीच तुझी आई.

माझ्या वहीतला निबंध मीच कधी तपासला नव्हता. त्या रात्री बसले आणि एक नियम केला, तो आजही पाळते. वहीत "आहे" हे क्रियापद लिहायचं नाही. "घर आहे", "तब्येत आहे" असं लिहिलं की मन लगेच विचारतं, उद्या असेल का? आणि त्याचं उत्तर कुणाकडे नसतं. "दिलं", "आला", "म्हणाली", "बसलो" असं लिहायचं. आज घडलेली एकच गोष्ट. ती घडून गेलेली असते, तिला पूर येत नाही.

पहिली खरी नोंद मी पुरानंतर दोन वर्षांनी लिहिली. पाणी उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी गुहागरच्या बाजूची चार मुलं फावडी घेऊन आमच्या दारात आली होती. दिवसभर गाळ ओढत होती. त्यातल्या एकाला चिखलात माझ्या सासूबाईंची पितळी समई सापडली. त्याने ती बादलीत बुडवली, बोट घालून वात ठेवायची खोबण मोकळी केली, आणि निथळायला फडक्यावर उपडी ठेवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नाव विचारायचं राहून गेलं. हे लिहिताना मी रडले, पण ते रडणं वेगळं होतं. त्या आठवणीत पाणीच पाणी होतं, तरी पहिल्यांदा पाण्याआधी त्या मुलाचं बोट दिसलं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक नोंदीखाली "का?" असं लिहायचं आणि त्याचं एका ओळीत उत्तर द्यायचं. माझ्या वहीतल्या दोन तशाच उतरवून देते:

"मंगळवार. भाजीवालीने अळूची जुडी बांधताना दोन पानं बाजूला काढली. म्हणाली, ही खाजतील, नका घेऊ. का? मागे घसा खाजल्याचं मी सांगितलं होतं ते तिने लक्षात ठेवलं."

"शनिवार. रात्री साडेअकराला जोराची सर. वीस मिनिटं पडत होती. मी खिडकीत गेले नाही. का? झोपताना हे म्हणाले होते, पाऊस आला तर मी बघतो, तू पड."

रोज पाच लिहीत नाही मी. आठवड्यातून दोनदा, एखादीच. काही सुचलं नाही तर तारीख घालून पान कोरं सोडते. पण नुसत्या वहीने मी बरी झाले असं समजू नकोस. वर्षभर त्या बाईंकडे जात होते, आणि पावसात खिडकीत न जाण्याचा सराव त्यांनी माझ्याकडून पायरीपायरीने करून घेतला. वहीने काय केलं? दिवसभरात माझी नजर ढगांवरून निघून माणसांच्या हातांवर जायला लागली. संध्याकाळी लिहायचंय म्हणून सकाळपासून बघत राहते.

आणि एक. त्या साहेबांचा प्रश्न तुला अजून खुपतोय, तो आभारांच्या वहीत जिरणार नाही. त्याला वेगळं पान दे. जे बोलायचं राहिलं ते सगळं तिथे लिही, कठोर शब्दांत लिहिलंस तरी चालेल.

समुपदेशक_नाशिक
सोमवार, रात्री ९:३०

बाईंनी जे अनुभवातून शोधलं, त्याच्या जवळचं संशोधनही आहे, म्हणून थोडं लिहितो. मी समुपदेशन करतो, पण इथे निदान करता येणार नाही हे आधीच सांगतो.

या वहीचा बोलबाला झाला तो बराचसा २००३ च्या एका अभ्यासानंतर. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानाव्यात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रासाच्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. आभाराच्या गटाला आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं. आठवड्यातून एकदा, हे लक्षात घ्या. रोज पाच लिहायचा दंडक कुठून आला देव जाणे, पण माझ्याकडे येणारे निम्मे लोक त्यानेच थकलेले असतात. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. सवय झाली की मन त्यातून निघून जातं आणि हात नुसता लिहीत राहतो.

बाईंचा "का?" हा मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात आहे. आज चांगल्या झालेल्या तीन गोष्टी आणि त्या का झाल्या, एवढंच आठवडाभर लिहायचं. त्यातल्या लोकांची उदासी कमी झाली आणि तो परिणाम सहा महिन्यांनीही दिसला. विशेषतः ज्यांनी आपणहून पुढे चालू ठेवलं त्यांच्यात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. चिंतेवर या वहीचा परिणाम होतो का? थोडा होतो. २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून पाहणी झाली, तेव्हा चिंता आणि उदासीवर कृतज्ञतेच्या उपायांचा परिणाम लहानच निघाला. म्हणून तुम्हाला वहीने झोप आली नाही यात तुमचा काहीच दोष नाही. तिच्याकडून जे होत नाही ते तुम्ही मागत होता, आणि तसं मागायला तुम्हाला सांगितलं गेलं होतं. याचा मला खरोखर राग येतो. घाबरलेल्या माणसाला "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणून सोडून देतात आणि तो स्वतःलाच अपराधी ठरवतो.

तुमच्या लिहिण्यातलं मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते तिजोरीचं हँडल. स्टॉपवरून परत जाऊन ते ओढलं की दहा मिनिटं हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानेच दुसऱ्या दिवशी परत जायची ओढ वाढते. बाईंची खिडकी तशीच होती. यावर चांगले उपचार आहेत. त्यात विचारांवर आणि वागण्यावर टप्प्याटप्प्याने काम केलं जातं, गरज पडली तर औषधही देतात. तुम्हाला सहा महिने होत आले आहेत आणि झोप मोडते आहे, तेव्हा मार्चअखेर उलटायची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटा. लगेच जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

तोवर घरी करण्यासारखं एक. संध्याकाळी ठरावीक वेळी, ठरावीक खुर्चीत, अर्धा तास फक्त काळजीसाठी ठेवा. वहीच्या मागच्या बाजूने लिहा. रात्री तीनला बंडलं आठवली की मनाला सांगायचं, उद्या सात वाजता, त्या खुर्चीत. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा उपाय तपासला होता आणि तो आजही वापरला जातो. फक्त ती खुर्ची झोपायच्या खोलीत नको.

रात्रपाळी_चाकण
मंगळवार, पहाटे ५:५०

ताई, आत्ताच पाळी संपली. माझं थोडक्यात. मला झोपताना आभार वगैरे जमलं नाही. मी उद्या करायच्या कामांची यादी लिहितो, अगदी बारीक. गॅसचा नंबर लावणे, सुपरवायझरला रजेचं विचारणे. २०१८ च्या एका अभ्यासात झोपण्याआधी पाच मिनिटं अशी यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली होती. माझ्या बाबतीत तरी खरं आहे. आभाराचं मी जेवणाच्या सुट्टीत, फोनवर आईला सांगतो. आज कुणी डब्यातलं काय दिलं ते. तिलाही ऐकायला आवडतं.

पिग्मीवाली_कोल्हापूर
मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. बाई, "आहे" लिहायचं नाही हे वाचून माझी वही उघडून बघितली. आठ दिवसांत चाळीस ओळी आणि चाळीसही ओळींच्या शेवटी "आहे". तुम्ही असत्या तर लाल पेनाने गोल केले असते.

साहेबांचं पान आज लिहिलं. साडेतीन पानं झाली. लिहिता लिहिता कळलं, की मला पैशांची भीती कधीच नव्हती. ११ वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही आणि तरी एका संध्याकाळीत मी चोर ठरू शकते, याची भीती आहे.

नाशिकच्या दादांनी सांगितलं तसं डॉक्टरांची वेळ घेतली. शनिवारी जाते. नवरा बरोबर येतो म्हणाला.

वाशिष्ठीकाठ
बुधवार, सकाळी ८:००

शनिवारी जाऊन ये. ती साडेतीन पानं बरोबर ने, त्यांना वाचायला दे. तोंडाने सांगताना आपण बाईमाणसं निम्मं गिळतो.

पिग्मीवाली_कोल्हापूर
तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९:१५

कळवायचं म्हणून आले. तीन वेळा जाऊन आले. डॉक्टरांनी कमी ताकदीची गोळी सुरू केलीय आणि तिथल्याच मॅडम दर आठवड्याला माझ्याशी बोलतात. तीनची जाग अजून येते, पण रोज नाही. काळजीची खुर्ची स्वयंपाकघरात ठेवलीय, संध्याकाळी सातला तिथे बसते. पहिले चार दिवस अर्धा तास पुरत नव्हता. परवा वीस मिनिटांत लिहायचं संपलं, मग भाजी निवडत बसले.

हँडलचं ठरलंय. निघताना एकदाच ओढायचं आणि मग मागे फिरायचं नाही. दोनदा मोडलं. बाकीचे दिवस पाळलं.

वहीत आता आठवड्याला दोन नोंदी. एक लिहिते:

"सोमवार. एक आजी पेन्शनचे पैसे काढायला आल्या. नोटा मोजून दिल्या तर न मोजता पदराला बांधायला लागल्या. मी म्हटलं, मोजून घ्या. त्या म्हणाल्या, 'तू मोजलंस न्हवं, मग झालं की.' का? गेली ११ वर्षं त्या माझ्याच काउंटरवर येतात."

ही दुसरी कालची:

"गुरुवार. कॅश पहिल्याच मोजणीत जुळली. कुलूप लावल्यावर शिपाई मामा म्हणाले, मॅडम, परत एकदा बघू का? मी नको म्हटलं. स्टॉपवर छातीत धडधडत होतं. सहा दहाची केएमटी आली, चढले. रंकाळ्यापर्यंत धडधडत होतं, मग थांबलं. का?"

इथे अडले आहे. मामांमुळे नाही, डॉक्टरांमुळे थोडं आहे, पण बसमध्ये चढले ती मीच. बाई, "का"च्या पुढे स्वतःचं नाव लिहिलेलं चालतं का?

वाशिष्ठीकाठ
शुक्रवार, रात्री ९:४०

चालतं. पूर्ण नाव लिही. खाली तारीख घाल आणि रोज व्हाउचरवर करतेस तशी सही कर.